डबी बाहेर राहिली

प्रिय काजल,

पाकिटावर माझं अक्षर पाहून तू आधी घाबरशील आणि मग हसशील. दिवसाआड फोन करणाऱ्या वहिनीला पत्राची हौस कुठून आली, असं जावईबापूंना विचारशील. हौस नाही गं. फोनवर तू मध्येच बोलतेस, माझा आवाज जरा उतरला की 'जाऊ दे वहिनी' म्हणतेस, आणि मी लगेच जाऊ देते. मला तेवढं निमित्त पुरतं. कागद मध्ये बोलत नाही. म्हणून शेळ्यांचं चारापाणी आटोपून, दार लोटून, शिवमच्या शाळेच्या वहीतली पानं फाडून बसले आहे.

आई तुझ्याकडे येऊन दोन महिने झाले. 'बालाजीचं दर्शन घेतो अन् चार दिवसांत येतो' म्हणून देऊळगाव राजाच्या एसटीत बसल्या होत्या. संक्रांत गेली, हळदीकुंकू गेलं, तरी परतीचं नाव नाही. परवा तू सांगितलंस की त्या तुझ्या फ्रिजला हात लावत नाहीत, दूध हवं असलं की तुझ्या लेकीला हाक मारतात. तू हसत होतीस, म्हणून मीही हसले. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. आईंना गावात तोंड दाखवायची लाज वाटते. आपल्या घरामुळे एका लेकराच्या जिवावर बेतलं होतं, आणि गाव त्याचं खापर आईंच्या डोक्यावर फोडून मोकळं झालं आहे. हे तुला कोणी सांगितलं नाही. तुझ्या दादांनी सांगितलं नाही कारण त्यांना आईंची लाज वाटली, आणि मी का सांगितलं नाही ते पुढे येईलच.

मी पशुसखी झाले तेव्हा सगळ्यात जास्त तूच मला चिडवलं होतंस. बुलढाण्याचं ट्रेनिंग करून मी खांद्यावर पिशवी अडकवून आले आणि गावाने माझं नाव 'बकऱ्याची डॉक्टरीण' ठेवलं. नाव ठेवलं तरी बोलवायला लागले. कोंबड्यांच्या डोळ्यात थेंब टाकायचे, शेळ्यांना जंताचं औषध पाजायचं, कुठल्या वासराला ताप आहे ते डॉक्टरसाहेबांना फोनवर कळवायचं, ही कामं मला जमतात. जमतात म्हणून मी जरा चढलेही होते, ते कबूल करते. पण कुत्र्या-मांजरांकडे कोणी बघत नव्हतं. आपल्याकडे कुत्रं कोणी पाळत नाही, ते घरी असतं. भाकरी घालतात, नाव ठेवतात, दारात झोपू देतात, पण दवाखान्याचं नाव काढलं की हसतात. शालिग्रामभाऊ मला म्हणाले होते, 'ढोराले सुई समजते व छाया, कुत्र्याले काय सुई देतं? त्याले का शायेत घालाचं हाय?' शालिग्रामभाऊ म्हणजे खालच्या आळीतले, तो पिवळा, कान तुटका टायगर ज्यांचा आहे ते.

तरी मी मागे लागले. डॉक्टरसाहेब म्हणाले होते, पंधरा कुत्री जमवली तर आपल्या गावात पिसाळाच्या लशीचं शिबिर घेऊ. मी पंधरा दिवस घरोघर फिरले. कुत्रा पिसाळला तर काय होतं ते सांगून बायांना भेवडावलं, गोळी गुळात घालून जंत कसे पडतात ते दाखवलं, एकीच्या कुत्र्याच्या कानातल्या गोचिडी तिच्या ओट्यावर बसून काढल्या. शेवटी अकरा कुत्री आणि दोन मांजरी यादीत आल्या. डॉक्टरसाहेबांनी तेवढ्यावरही हो म्हटलं. सकाळी ते परस्पर दुसऱ्या गावाहून येणार, म्हणून लशीची डबी आदल्या दिवशीच माझ्याकडे दिली. मधल्या खणात ठेवायची, बर्फाच्या खणात नाही, दारातही नाही, आणि बाहेर तर अजिबात नाही, असं त्यांनी मला दोनदा म्हणायला लावलं.

आपला एकदाराचा फ्रिज तुला माहीत आहे. मधला खण आईंचा. त्यात देवाचं दूध, विरजण, आणि त्यांच्या परवानगीशिवाय तिथे कोथिंबिरीची काडीसुद्धा जायची नाही. मी डबी हातात धरून चोरासारखी उभी होते. कुत्र्याची लस आहे म्हटल्यावर घरात महाभारत होणार असं मला वाटलं होतं. आईंनी डबी हातात घेतली, उलटून पाहिली आणि विचारलं, 'लेकराले देतेत तशीच हाय नं ते?' मी हो म्हटलं. तर म्हणाल्या, 'मंग ठेव. औषधाले काय सोवळं अन् काय ओवळं.' आणि आपलं दुधाचं पातेलं उचलून खालच्या खणात नेलं. त्या दिवशी संध्याकाळी डॉक्टरसाहेबांचा फोन आला की एका गावात म्हशींना साथ लागली आहे, शिबिर महालक्ष्म्या झाल्यावर घेऊ, डबी आहे तिथे राहू द्या. आई रोज पूजेनंतर फ्रिज उघडायच्या, डबीला बोट लावून बघायच्या आणि मला ओरडून सांगायच्या, 'थंडी हाय व!' मला त्याचं हसू यायचं.

मग महालक्ष्म्या आल्या. यंदा आपल्याकडे जेवायला साठ पानं होती. सोळा भाज्या निवडून-चिरून ठेवायच्या, पुरण, आंबील, कढीचं ताक, दोन घागरी दूध. त्या गडबडीत डबी बाहेर राहिली. मागच्या पत्र्याच्या खोलीत, गव्हाच्या कोठीवर. बोळवण झाल्यावर मी परात ठेवायला तिकडे गेले तेव्हा दिसली. भादव्याचं ऊन तू जाणतेस, तो पत्रा तापला की खोलीत उभं राहवत नाही. डबी हाताला कोमट लागली. तीन दिवस. मी ती तशीच उचलली आणि पुन्हा मधल्या खणात ठेवली. सकाळपर्यंत ती इतकी छान गार झाली होती की जशी काही कधी हललीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीसमोरच्या लिंबाखाली शिबिर झालं. काजल, तू असतीस तर पोट धरून हसली असतीस. कुणाच्या कुत्र्याच्या गळ्यात सुतळी, कुणाच्या गळ्यात बैलाचा कासरा, एकाने तर नव्या साडीचा काठ बांधून आणला होता. रुखमाबाई मांजर बाजाराच्या पिशवीत घालून आल्या आणि पिशवीच म्याव म्याव करत लिंबाभोवती पळत सुटली. सुईच्या वेळी टायगर गप्प उभा राहिला आणि शालिग्रामभाऊच डोळे मिटून 'आई गं' म्हणाले. डॉक्टरसाहेबांनी डबी हातात घेतली, थंड लागली म्हणून खूश झाले, आणि मला विचारलं, 'थंडीतच होती ना?' मी म्हटलं, 'हो सर.' सगळं गाव बघत होतं. पंधरा दिवस ज्यांच्या दारात मी उभी राहिले ती सगळी माणसं रांगेत होती. आता 'नाही' म्हटलं तर ही माणसं पुन्हा कधी येणार नाहीत, असं मी स्वतःला सांगितलं. तेही खरंच होतं. पण त्याहून खरं हे की मला डॉक्टरसाहेबांसमोर खाली बघायचं नव्हतं. तेरा जनावरांना सुया दिल्या. तेरा पिवळी कार्डं मी स्वतः भरली. लोकांनी ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवली. तालुक्याच्या बैठकीत माझ्यासाठी टाळ्या वाजल्या, आणि मी त्या घेतल्या.

दिवाळीनंतर आठवड्याने टायगरने पायलला चावलं. पायल म्हणजे रुखमाबाईंची नात, पहिलीत आहे. खेळताना तिचा पाय त्याच्या शेपटीवर पडला आणि त्याने पोटरीला दात लावले. मला दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याच्या टाकीवर कळलं. मी विचारलं, दवाखान्यात नेलं का? तर रुखमाबाई म्हणाल्या, 'काऊन? त्याले तं तू सुई देली नं. कार्ड हाय शालिग्रामपाशी, पाह्यलं आम्ही.' पोरीच्या पायाला हळद लावली होती आणि ती फडकं बांधून ओट्यावर चिंचोके खेळत होती. पिसाळाचा आजार एकदा उठला की पुढे काहीच करता येत नाही, हे मीच तर दारोदार सांगत फिरले होते. माझ्या भरलेल्या कार्डावर विश्वास ठेवून त्या बाईने नातीला घरी ठेवलं होतं. हंडा तिथेच टाकून मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता पोरीला मेहकरला घेऊन चला. त्या पुन्हा म्हणाल्या, काऊन? टाकीवर दहा बाया होत्या. तेव्हा मी दोन वाक्यं बोलले. पहिलं, 'महालक्ष्म्यांत लशीची डबी फ्रिजबाहेर राहिली होती.' आणि दुसरं, 'आमच्या आईंचं सोवळं तर तुम्हाला माहीतच आहे.'

एवढंच. मध्ये 'म्हणून' घातलं नाही, कुणाचं नाव घेतलं नाही. ते 'म्हणून' त्या दहा बायांनी आपापल्या मनात घातलं. मी बघितलं त्यांनी ते घालताना. आणि मी गप्प राहिले.

पायलचं आधी सांगते म्हणजे तुझ्या जिवाला घोर नको. त्याच दुपारपर्यंत आम्ही तिला मेहकरच्या सरकारी दवाखान्यात पोचवलं. तिथे जखम साबणाने धुतली, सुया सुरू झाल्या, आणि प्रत्येक तारखेला मी स्वतः तिला घेऊन गेले. एकही चुकवली नाही. टायगरला दहा दिवस बांधून ठेवून लक्ष ठेवलं. मी रोज सकाळी जाऊन त्याला पाणी पाजायचे आणि तो कसा पितो ते बघत बसायचे. दहाव्या दिवशी त्याने दोरी चावून तोडली आणि शालिग्रामभाऊंची चप्पल पळवली, तेव्हा मी त्यांच्या ओट्यावर बसून रडले. पोरगी ठणठणीत आहे. डॉक्टरसाहेबांना मी त्याच दिवशी फोन करून सांगितलं होतं, पुन्हा तेच, की डबी बाहेर राहिली. ते चिडले. म्हणाले, अशी लस कदाचित चालतेही, पण कदाचितवर लेकरू सोडता येत नाही. मग त्यांनी तेराही जनावरांना पुन्हा सुया दिल्या. आणि जाताना म्हणाले, 'चूक कुणाकडूनही होते छायाताई. तुम्ही खरं सांगितलंत, हे मोठं.' मला वाटलं, जमीन फाटावी.

आईंच्या कानावर हे सगळं गावातून आलं. भजनाला गेल्या तर तिथे कुणीतरी म्हणालं, 'पुष्पाबाईचं सोवळं लेकराच्या जिवावर आलं होतं बापा.' त्यांना काही कळेना. घरी आल्या तर तुझे दादा शेतातून नुकतेच आलेले, त्यांनीही तेच ऐकलं होतं. ते आईंना आजवर कधी उलट बोलले नाहीत. त्या दिवशी बोलले. 'आई, तुह्या सोवळ्यापायी पोरगी मेली असती. कायले काढली तू ते डबी?' मी चुलीपुढे कणीक तिंबत होते. आई माझ्याकडे वळल्या. त्यांनी मला विचारलं, काजल, अगदी हळू, लहान पोर विचारतं तसं, 'मीच काढली का व छाया?'

मला एक शब्द बोलायचा होता. दोन अक्षरी. मी म्हटलं, 'जाऊ द्या आता, आई.'

त्या म्हणाल्या, 'काढली असन बापा. आताशा ध्यानात राह्यत नाही माह्या.' त्यानंतर त्यांनी आपल्या फ्रिजला हात लावला नाही. देवाचं दूध माझ्याकडून मागून घ्यायला लागल्या. पायलसाठी म्हणून रुखमाबाईंच्या घरी रव्याचे लाडू घेऊन गेल्या आणि तिथे त्यांच्या पाया पडायला वाकल्या. आपल्या आई, रुखमाबाईंपेक्षा दहा वर्षांनी मोठ्या! रुखमाबाईंनी हात धरून उठवलं, पण लाडूचा डबा ठेवून घेतला. त्या आठवड्यात आई तुझ्याकडे निघाल्या. मी त्यांची पिशवी भरली. एसटी सुटेपर्यंत मला वाटत होतं की आता सांगेन. एसटी सुटली.

आता वर मी काय लिहिलं आहे ते वाच. 'त्या गडबडीत डबी बाहेर राहिली.' आपल्या भाषेत ही मोठी सोय आहे. दूध उतू जातं, बशी फुटते, डबी बाहेर राहते, आणि माणूस कुठेच नसतं. तुझ्याशी खरं बोलायला बसले आणि तुलाही तेच वाक्य लिहिलं, इतकं ते माझ्या हाताला बसलं आहे. डबी राहिली नाही. डबी मी काढली. पहिल्या दिवशी संध्याकाळी, आई वर लक्ष्म्यांना साड्या नेसवत होत्या तेव्हा, चिरलेल्या भाज्यांचं पातेलं मधल्या खणात मावेना म्हणून मी काढली आणि एका रात्रीचा तर प्रश्न आहे म्हणून कोठीवर ठेवली. सकाळी मला आठवली होती. तेव्हा पातेलं अजून फ्रिजमध्येच होतं, पुरण चुलीवर होतं, आणि मी म्हटलं, दुपारी बघू. मी विसरलेसुद्धा नव्हते, काजल. विसरले असते तर थोडी तरी बरी असते. आणि आई त्या तीन दिवसांत डबीला बोट लावायला आल्या होत्या. डबी कुठे गेली म्हणून त्यांनी मला विचारलं, तेव्हा मी सांगितलं की डॉक्टरसाहेबांनी परत नेली. म्हणजे मी त्यांना त्या वेळीही फसवलं. ते उत्तर खोटं होतं, एवढंसुद्धा त्यांना पुढे सुचलं नाही. माझ्यावर संशय घ्यायच्या आधी त्यांनी स्वतःच्या डोक्यावर घेतला.

आज सकाळी मी हे तुझ्या दादांना सांगितलं. ते डबा न घेताच शेतात गेले. सोमवारी बचत गटाची बैठक आहे, तिथे त्याच दहा बाया असतील. त्यांच्यासमोर सांगणार आहे, आणि या वेळी 'मी' हा शब्द आधी घालून सांगणार आहे. त्यानंतर गाव मला पिशवी उचलू देईल की नाही, डॉक्टरसाहेब मला ठेवतील की नाही, ते त्यांचं त्यांनी बघावं. मला भीती वाटते आहे. ते काम मला फार आवडतं.

आणि हे सगळं आज का, तर काल तुझा फोन आला म्हणून. आई स्वतःच म्हणाल्या की 'मले डोक्याच्या डॉक्टरकडे ने, मी काय काय करतो ते माह्यं मलेच समजून नाही राह्यलं', आणि तू पुढच्या बुधवारची जालन्याची वेळ घेतलीस. आई कधीपासून विसरतात, काय काय विसरतात, ते सगळं डॉक्टरांना दाखवायला कागदावर लिहून पाठव, असं तू मला सांगितलंस. उद्या गावातला हरिओम देऊळगाव राजाला येतो आहे, त्याच्या हाती देईन म्हणून मी रात्रीच यादी करायला बसले. 'भाद्रपदात लशीची डबी फ्रिजमधून काढली आणि विसरल्या', एवढं एक वाक्य लिहिलं, पुढे आकडा टाकला दोन, आणि दुसरं काही सापडेना. तुझ्या बारशाला कोण कोण आलं होतं ते त्या सांगतात. कुठल्या शेळीला कुठल्या महिन्यात जंताचं औषध पाजलं ते मी माझ्या वहीत बघते, त्या न बघता सांगतात. त्यांना जालन्याला नेऊ नकोस, काजल. हे पत्र त्यांना वाचून दाखव, मोठ्याने, जावईबापूंच्या समोर, आणि माझी कीव येऊन मधलं काही गाळू नकोस. मग त्या माझ्याशी बोलोत न बोलोत, मी त्यांना घ्यायला येईन. त्यांना ती डबी काढल्याचं आठवत नाही, कारण त्यांनी ती काढलीच नाही. डॉक्टरांसाठी माझ्याकडे लिहायला एवढंच आहे.

तू अजून म्हणू देशील तर तुझीच,
छायावहिनी